रॅकेट कोणती घेऊ, दादा?

मित्रांनो, माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील. विचारांच्या चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या!

विषय साधाच आहे. मेसमधून जेवून आलं की हॉस्टेलमागच्या कोर्टवर लाइट लागतात आणि खेळापेक्षा जास्त वेळ एकाच वादात जातो. अॅस्ट्रॉक्स भारी की नॅनोफ्लेअर? योनेक्स की ली-निंग? फर्स्ट इयरची मुलं कट्ट्यावर बसून हे ऐकतात आणि शेवटी हळूच विचारतात, "दादा, मी कोणती घेऊ?" आणि आपण एक्स्पर्ट असल्यासारखं तोंडाला येईल ते नाव ठोकून देतो. मीही देत होतो. मागच्या सेमिस्टरपर्यंत.

मागच्या सेमिस्टरला मी साडेपाच हजारांची रॅकेट घेतली. सहा महिने वाचवलेले पैसे, शिवाय आईकडून "पुस्तकांसाठी" घेतलेले थोडे. (आई, हा अंक घरी येणार नाही अशी आशा आहे.) डोक्याला जड, शाफ्ट कडक, रंग एकदम झकास. तिसऱ्या महिन्यात डबल्स खेळताना मधल्या शटलवर मी आणि माझा पार्टनर दोघंही धावलो. टक्! फ्रेमला आरपार तडा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष तिचा नव्हताच.

पार्टनर फर्स्ट इयरचा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "दादा, मी महिन्या-महिन्याने फेडतो." त्याचा महिन्याचा हातखर्च किती ते मला माहीत होतं. मी "अरे सोड" म्हणालो, पण त्यानंतर तो पंधरा दिवस कोर्टवर फिरकलाच नाही. तेव्हापासून डोक्यात एकच किडा आहे : आपण रॅकेटबद्दल जे बोलतो त्यात खरं किती आणि भपका किती?

आधी या मालिकांचं बघू. योनेक्सची अॅस्ट्रॉक्स, व्हिक्टरची थ्रस्टर, ली-निंगची अॅक्सफोर्स या स्मॅशवाल्यांसाठी. वजन डोक्याकडे. नॅनोफ्लेअर, ऑरास्पीड, ब्लेडेक्स या वेगासाठी. आर्कसेबर, ड्राइव्हएक्स, हॅल्बरटेक या मधल्या, सगळं थोडं थोडं. नावं नऊ, पण कल्पना तीनच! आणि तिन्हींच्या मागे आपण फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये घोकलेला मोमेंट ऑफ इनर्शिया आहे. वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग. मुठीपासून लांब, म्हणजे डोक्याकडे, दोन ग्रॅम सरकवले तरी हाताला फरक कळतो. जड डोकं शटलला दणका देतं, पण नेटजवळ झटपट रॅकेट उचलायला उशीर होतो. हलक्या डोक्याचं उलट.

मग स्मॅश मारायला जड डोकंच हवं का? १४ एप्रिल २०२३ रोजी आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने जपानमधल्या सोका इथे योनेक्सच्या कारखान्यात ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश मारला. २०१३ सालचा टॅन बून हेओंगचा ४९३ किलोमीटरचा विक्रम मोडला. त्याच्या हातात होती नॅनोफ्लेअर, म्हणजे हलक्या डोक्याची मालिका! स्मॅश मनगटात, खांद्यात आणि टायमिंगमध्ये असतो, स्टिकरमध्ये नसतो. आपल्या सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायात सेलांगरची स्पर्धा जिंकली तेव्हा तर लाकडी फ्रेमचा जमाना होता. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

आता टिकाऊपणा. इथेच आपण सगळे फसतो. आपल्याला वाटतं महाग म्हणजे मजबूत. पण मालिकेचं नाव वजन कुठे आहे ते सांगतं. रॅकेट किती टिकेल ते सांगत नाही. एसओएमचा स्ट्रेस-स्ट्रेन डायग्राम आठवा. स्टील आणि अॅल्युमिनियम आधी वाकतात, मग तुटतात. कार्बन फायबर वाकून इशारा देत नाही. ते ताण सहन करत सरळ रेषेत वर जातं आणि एकदम तडकतं. म्हणून स्वस्तातली अॅल्युमिनियमची रॅकेट आपटली की वाकडी होते आणि तशीच चालत राहते. ग्रॅफाइटची एका टकरीत संपते, मग ती दोन हजारांची असो की पंधरा हजारांची.

शिवाय गटिंगचा ताण. चोवीस पाउंड म्हणजे एका तारेला साधारण ११ किलो. उभ्या तारा २२. म्हणजे सुमारे २४० किलोची ओढ ती ८०-८५ ग्रॅमची रॅकेट दिवसरात्र सोसत असते. आडव्या तारांची ओढ तिला तोलून धरते, म्हणून फ्रेमचा आकार टिकतो. मधली एक तार तुटली की हा तोल बिघडतो. म्हणून एक तार तुटली की उरलेल्याही लगेच कापाव्यात, मधून सुरुवात करून कडेला जावं. आपण काय करतो? "रविवारी गावात जाऊ तेव्हा गटिंग करू" म्हणून तशीच कपाटावर टाकतो. ग्रोमेट फाटले तरी बदलत नाही. मग फ्रेमची उघडी कड तारेला कापते आणि आपण कंपनीला शिव्या घालतो!

जिद्दीने २८ पाउंड मारणाऱ्यांनाही एक सांगतो. जास्त टेन्शनने ताकद वाढत नाही, उलट कमी होते. मिळतो तो कंट्रोल, तोही दर वेळी शटल बरोबर मध्यावर घेणाऱ्याला. आपल्यासारख्यांना २०-२३ पुष्कळ झालं. आणि तार बीजी ६५ घ्या, ०.७० मिलिमीटर जाडीची. बीजी ६६ अल्टिमॅक्स ०.६५ ची आहे, आवाज मस्त येतो, पण बारीक तार लवकर तुटते. हॉस्टेलात आवाजापेक्षा टिकणं महत्त्वाचं.

युनिव्हर्सिटी टीममधले मित्र म्हणतील, "तुला काय कळतंय?" मान्य आहे. ज्याचा स्विंग खरंच जलद आहे, त्याला कडक शाफ्टचा फायदा होतो, आणि रोज तीन तास खेळणाऱ्याने महाग रॅकेट जरूर घ्यावी. पण आपल्यातले किती जण तसे? बाकीच्यांच्या हातात कडक शाफ्ट म्हणजे फक्त दुखणारं कोपर.

म्हणून "दादा, कोणती घेऊ?" याचं माझं उत्तर आता ठरलेलं आहे. मधल्या मालिकेतली, वजन ४यू, म्हणजे ८० ते ८४.९ ग्रॅम, लवचिक शाफ्ट, पूर्ण ग्रॅफाइट, आणि किंमत एवढीच की तुटली तर रात्री झोप लागेल. मी स्वतः आता अठराशेची वापरतो. स्मॅशचा वेग थोडा कमी झाला असेल, पण मोजायला इथे गिनेसवाले बसलेले नाहीत!

जिमखान्यालाही एक नम्र विनंती. दर वर्षी डझनभर जोडाच्या स्टीलच्या रॅकेट येतात आणि दिवाळीपर्यंत निम्म्यांच्या मुंड्या फिरतात. त्याऐवजी सहाच घ्या, पण अखंड ग्रॅफाइटच्या. उरलेल्या पैशात हाताने चालवायचं एक गटिंग मशीन घ्या. वजन टांगून ताण देणारं साधं मशीनही चालेल. आम्ही मेकॅनिकलवाले शिकून घेऊ. लेथवर जॉब बिघडवण्यापेक्षा ते नक्कीच उपयोगी! रजिस्टर ठेवा, तार तुटली की त्याच दिवशी कापायची असा नियम करा. आणि खेळताना टक्कर होऊन जिमखान्याची रॅकेट तुटली तर भरपाई मुलाकडून नको, जिमखाना फंडातून व्हावी. नाहीतर ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो खेळायलाच येणार नाही. तो आला नाही हे कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण कट्ट्यावर बसणारा माणूस सगळ्यांना प्रेक्षकच वाटतो.

आमचं आम्हीही एक ठरवलंय. स्वतःची रॅकेट घेऊन डबल्सला उतरायचं तर टक्कर झाल्यास ज्याची तुटली त्याने सोसायची. खेळ सुरू व्हायच्या आधीच हे मोठ्याने बोलायचं. ज्याला जमणार नाही त्याने ती महागडी रूमवर ठेवून यावं.

माझा तो पार्टनर परत आला का? आला. सोळाव्या दिवशी मीच त्याच्या रूमवर गेलो. तुटलेल्या रॅकेटची ग्रिप काढून त्याला दिली आणि म्हणालो, "वसुली झाली, चल." आता आम्ही मधल्या शटलवर "माझा!" असं ओरडतो. बऱ्याचदा दोघंही एकदमच ओरडतो, ती गोष्ट वेगळी!

बघा, पटतंय का. भेटू रात्री, कोर्टवर.