आधी कानात बसू द्या, मग किंमत विचारा

बंगळूरच्या बसवनगुडीतील गांधी बाजार संध्याकाळी ऐन रंगात असतो. फुलांच्या माळा, केळीची पाने, भाजीचे ढीग, फिल्टर कॉफीचा दरवळ आणि या सगळ्यांवर पसरलेला रिक्षा-स्कूटरच्या भोंग्यांचा अखंड गलका. १८९८ च्या प्लेगनंतर मोकळ्या हवेसाठी वसवलेल्या या भागात आज शांतता शोधावी लागते. मग ज्याला त्याला आपली शांतता कानात घालून फिरण्याची सवय लागते. बिनतारी इअरफोनचा बोलबाला झाला, तरी तारेच्या इअरफोनने अजून बाजार सोडलेला नाही. त्याला चार्जिंग लागत नाही, एका कानाचा गटारात पडून हरवत नाही आणि थोड्या पैशांत तो चांगला आवाज देतो.

अशा वस्तीतले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. बेळगावहून येऊन येथे स्थायिक झालेले आजोबा आणि महाविद्यालयात शिकणारी नात. आजोबांना पंडित भीमसेन जोशींचे मराठी अभंग हवेत आणि त्यांनीच गायलेली कन्नड दासपदेही. नातीने हौसेने त्यांना कानाच्या आत बसणारे, तारेचे इअरफोन आणून दिले. पाच मिनिटांत आजोबांनी ते काढून ठेवले.

"अगं, हे गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतंय. पखवाज तर ऐकूच येत नाही. तुझे पैसे फुकट गेले बघ."

नातीने टोप्या पुसून तेच इअरफोन स्वतःच्या कानात घातले, तेच गाणे लावले. "आजोबा, मला तर पखवाज अगदी घुमल्यासारखा ऐकू येतोय!"

खोटे कोणीच बोलत नाही. वस्तू एक, गाणे एक. फरक आहे तो दोन माणसांच्या कानांत. इअरफोन विकत घेताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते. खोक्यावरचे आकडे वाचले जातात, जाहिरातीतला चेहरा पाहिला जातो, किंमत घासाघीस करून ठरवली जाते. पण तो आपल्या कानात नीट बसतो की नाही, हे पाहायचे राहून जाते.

फट राहिली की खर्ज गळतो

इन-इअर इअरफोनच्या टोकाला सिलिकॉनची छोटी टोपी असते. या टोपीने कानाची नळी सगळीकडून बंद केली, तरच आतला खर्जाचा आवाज पडद्यापर्यंत पोहोचतो. केसाएवढी फट राहिली तरी खर्ज बाहेर निसटतो आणि उरतात फक्त बारीक, टोचणारे सूर. आजोबांना पत्र्याचा डबा आठवला तो यामुळेच.

खोक्यात बहुधा लहान, मध्यम आणि मोठ्या अशा टोप्यांच्या तीन जोड्या येतात. मध्यम आकाराची जोडी आधीच बसवलेली असते. बाकीच्या दोन तशाच खोक्यात पडून राहतात. त्या काढून पाहाव्यात. शिवाय माणसाचे दोन्ही कान एकसारखे असतीलच असे नाही. डाव्याला मोठी आणि उजव्याला मध्यम टोपी लागली, तर त्यात नवल काहीच नाही.

घालण्याचीही रीत आहे. कानाची नळी सरळ नसून वळणाची असते. म्हणून उजव्या कानात इअरफोन घालताना डाव्या हाताने डोक्यामागून उजव्या कानाची पाळ किंचित वर आणि मागे ओढावी, इअरफोन हलकेच फिरवत आत सरकवावा आणि पाळ सोडावी. फोमची टोपी असेल, तर ती बोटांत वळून बारीक करावी, आत घालावी आणि फुगेपर्यंत काही सेकंद धरून ठेवावी.

नीट बसले की नाही, याच्या तीन सोप्या परीक्षा आहेत. गाणे चालू असताना इअरफोन बोटाने अगदी हलके आत दाबावा. दाबताच पखवाज किंवा डग्गा भरदार वाटू लागला, तर आधी फट होती असे समजावे. दुसरी परीक्षा, गाणे बंद करून दोन शब्द बोलावेत. स्वतःचा आवाज घुमल्यासारखा, मडक्यात बोलल्यासारखा वाटला, तर कान बंद झाले आहेत. तिसरी, मान डावी-उजवीकडे वळवावी, जबडा हलवावा. तेवढ्याने इअरफोन सुटला, तर टोपी बदलावी.

कान वाचवण्यासाठी आलेली वस्तू

या बंद बसण्यामागे केवळ संगीताची हौस नाही. कानाच्या नळीत घट्ट बसणाऱ्या या जातीच्या इअरफोनचा इतिहास पाहिला तर ते ध्यानात येते. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात काम केलेल्या मीड किलियन यांच्या एटिमोटिक रिसर्च या अमेरिकी कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ हा इअरफोन बाजारात आणला. १९९५ मध्ये ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ढोलवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी त्यांच्या कानाच्या मापाचे इअरफोन घडवले. रंगमंचावरचा गोंगाट बाहेर ठेवून, आपले वादन बेताच्या आवाजात ऐकता यावे, ही त्यामागची गरज होती. म्हणजे ही वस्तू आवाज वाढवण्यासाठी नव्हे, तो कमी ठेवता यावा म्हणून आली.

गांधी बाजारात मात्र उलटे घडते. टोपी सैल असते, खर्ज गळतो, रिक्षांचा गलका आत शिरतो; मग माणूस आवाजाची पट्टी वर ढकलतो. खर्ज तरीही येत नाही, बारीक सूर तेवढे अधिक जोराने पडद्यावर आदळतात. पाहता पाहता तो मोठा आवाज हीच सवय होऊन बसते.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब प्रत्येक घराने लक्षात ठेवण्याजोगा आहे. मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. आवाज ९० डेसिबल झाला, की तीच मुभा आठवड्याला केवळ ४ तासांवर येते. कारण दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबलला ४० तास. कानाच्या आतील शंखात असलेल्या नाजूक केसपेशी एकदा मेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

शेजारच्याचे बोलणे ऐकू आले म्हणजे आवाज बेताचा आहे, असा एक नेम सांगितला जातो. कान बंद करणाऱ्या इअरफोनला तो लागू पडत नाही. त्यात गाणे बंद असले तरी शेजारच्याचे बोलणे मंद होते. त्यापेक्षा घरातल्या शांत खोलीत आवाज आपल्याला पुरेल एवढाच ठेवावा, पट्टी कुठे आहे ते पाहून ठेवावे आणि बाहेर पडल्यावर ती त्याच्या वर नेऊ नये. टोपी नीट बसली असेल, तर तशी गरजही भासत नाही. मात्र रस्ता ओलांडताना आणि वाहन चालवताना इअरफोन काढलेलाच बरा. तिथे बाहेरचा भोंगा ऐकू येण्यातच जीव वाचतो.

कसोटी कशावर घ्यावी?

इअरफोन नीट बसला, की मगच त्याच्या आवाजाची परीक्षा. त्यासाठी दुकानदाराने लावलेले धडाकेबाज गाणे कामाचे नाही. शंभर वेळा ऐकलेले आपले गाणे लावावे. त्याहून चांगले म्हणजे खरे वाद्य कानाने ऐकलेले असावे. बसवनगुडीच्या रहिवाशांना ही सोय घराजवळ आहे. कृष्णराजेंद्र रस्त्यावर १९०५ साली स्थापन झालेला बंगलोर गायन समाज आहे. रामनवमीच्या सुमारास शेजारच्या चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर संगीतोत्सव भरतो. एवढेच ध्यानात ठेवावे की मोठ्या मैफलीत आपण ध्वनिवर्धकाचा आवाज ऐकत असतो. खरी ओळख होते ती घरगुती बैठकीत, तंबोऱ्यापासून चार हातांवर बसून.

तंबोऱ्याची तार छेडली, की मूळ सुराभोवती जवारीची एक झिलई उठते. चांगल्या इअरफोनमध्ये ती झिलई ऐकू येते, सुमार इअरफोनमध्ये नुसती भुणभुण येते. मृदंगाच्या डाव्या पुडीचा घुमारा आणि उजव्या पुडीचा टणत्कार वेगवेगळे कळले पाहिजेत. घुमाऱ्याने गायकाचा आवाज झाकला, तर खर्ज फाजील आहे. गायकाच्या 'स' आणि 'श' या अक्षरांना शिट्टी येत असेल, तर बारीक सूर फाजील आहेत. असा इअरफोन प्रथम लखलखीत वाटतो आणि अर्ध्या तासात डोके धरायला लावतो.

दोन इअरफोनची तुलना करताना एक फसगत टाळावी. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाजाची पातळी बदलली, की खर्ज आणि बारीक सूर कानाला कमी-अधिक जाणवतात. जो इअरफोन किंचित मोठा वाजतो तो जास्त भरदार भासतो आणि ग्राहक त्यालाच 'चांगला' म्हणून मोकळा होतो. म्हणून दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा, मगच निवाडा द्यावा.

किंमत हा या निवाड्यात भरवशाचा साक्षीदार नाही. अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनच्या मोजमापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत कानात बसणारेही होते. खर्जापासून बारीक सुरांपर्यंत आवाज कसा उमटतो याचा आणि किमतीचा काही संबंध त्यांना आढळला नाही. जास्त पैशांत मजबूत तार, सुबक घडण, बदलता येणाऱ्या वायरी मिळू शकतात. सूर मिळतीलच असे नाही. खोक्यावरच्या '२० ते २०,००० हर्ट्झ' या आकड्यालाही भुलू नये. तो जवळपास प्रत्येक खोक्यावर असतो आणि त्यावरून आवाजाचा तोल कळत नाही. आत एकाहून अधिक ध्वनियंत्रे आहेत ही बढाईही तशीच.

आरामाला वेळ द्यावा लागतो

आवाज पाच मिनिटांत कळतो, आराम कळायला अर्धा-पाऊण तास लागतो. दुकानात मऊ वाटलेली वस्तू घरी कानाच्या कडेला रुतू लागते. टोपी फार मोठी असेल तर नळीत ठणका लागतो, फार लहान असेल तर इअरफोन सारखा आत ढकलावा लागतो. चालताना तार कपड्याला घासून खरखर कानात येते. तार कानावरून मागे वळवून घेतली किंवा सदऱ्याला चिमट्याने अडकवली, की ती बरीच कमी होते. कानात वापरायची वस्तू म्हणून दुकाने ती परत घेण्यास अनेकदा नकार देतात. तेव्हा पैसे देण्यापूर्वीच परतीची अट विचारून घ्यावी. आपल्या फोनला जुनी गोल पिन चालते की टाइप-सी लागते, तेही तेव्हाच पाहावे.

टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावरच लावाव्यात. जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशने झाडावा. एका आवाजाची बाजू हळूहळू मंद झाली, तर पुष्कळदा दोष यंत्राचा नसून जाळीत अडकलेल्या मळाचा असतो. कानात मात्र काडी घालू नये. त्याने मळ निघण्याऐवजी आत ढकलला जातो. कान ओला असताना इअरफोन घालू नये आणि कान फुटलेला किंवा खाजत असताना तर मुळीच नको. दुसऱ्याचे इअरफोन वापरण्याची वेळ आली, तर टोप्या आपल्या असाव्यात.

उलटापालट करून पाहा

पुन्हा त्या घरात डोकावू. नातीने खोक्यातली मोठी टोपी काढून आजोबांच्या इअरफोनला लावली, पाळ ओढून नीट बसवली. पखवाज बोलू लागला. आजोबा खुलले, पण थोड्या वेळाने म्हणाले, "बुवांचा आवाज मात्र उजवीकडूनच येतोय गं."

गायकाचा आवाज साधारणपणे डोक्याच्या मधोमध यायला हवा. तो एका बाजूला कलला, तर इअरफोनची उलटापालट करावी. उजव्याचा डाव्या कानात, डाव्याचा उजव्या कानात घालावा. आवाजाची बाजू बदलली, तर दोष इअरफोनमध्ये किंवा गाण्याच्या मुद्रणात आहे. उलटापालट करूनही आवाज त्याच कानाकडे राहिला, तर दोष वस्तूचा नाही. एखादी टोपी सैल असेल, कानात मळ साचला असेल किंवा त्या कानाचे ऐकणे उतरले असेल.

आजोबांचा आवाज उजवीकडेच राहिला. अशा वेळी दुकानात भांडायला न जाता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. म्हैसूरला १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे, मुंबईला वांद्रे येथे अली यावर जंग संस्था आहे. श्रवणाची पद्धतशीर तपासणी तिथे होते. बहुतेक वेळा कारण साधे निघते. मात्र एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येणे कमी झाले, तर आठवडाभर वाट पाहू नये. त्यात लवकर उपचार मिळणे फार मोलाचे असते.

इअरफोन बिघडला तर गांधी बाजारात दुसरा मिळतो. आजोबांनी गाण्याची पट्टी आता निम्म्याच्या खाली आणली आहे, आणि नातीनेही आपल्या फोनची पट्टी पाहिली. ती बरीच वर होती. काही न बोलता तिने ती खाली घेतली.