दात काढणे स्वस्त, बसवणे महाग : भंडारा जिल्ह्यात कॅप-ब्रिजचा भार कोणाच्या खिशावर?

भंडारा : दाढ ठणकायला लागली की गावात पहिला उपाय लवंगेचा, दुसरा मेडिकलमधल्या गोळीचा आणि तिसरा ‘काढूनच टाका जी’ हा. तुमसर-मोहाडीपासून लाखांदूर-पवनीपर्यंत चित्र जवळपास सारखंच. दात काढायला एक फेरी पुरते. दात वाचवायचा तर चार-पाच फेऱ्या आणि हजारोंचा खर्च. त्यामुळे वाचण्यासारखा दातही काढला जातो, आणि पुढची अडचण तिथूनच सुरू होते.

काढलेल्या दाताची जागा रिकामी राहिली की शेजारचे दात हळूहळू त्या बाजूला कलतात. समोरच्या जबड्यातला दात त्या पोकळीत उतरायला लागतो. माणूस दुसऱ्याच बाजूने चावतो आणि त्या दाढांवर भार वाढतो. दोन-चार वर्षांनी दात बसवायचा विचार केला, तर तोवर जागाच उरलेली नसते किंवा काम आणखी महाग झालेलं असतं.

कॅप काय, ब्रिज काय

किडलेल्या किंवा तुटलेल्या दाताचं मूळ चांगलं असेल, तर तो घासून त्यावर टोपीसारखं आवरण बसवतात. ही कॅप. दात पूर्ण गेला असेल तर दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांच्या आधाराने मधला कृत्रिम दात बसवतात. हा ब्रिज. नदीवरच्या पुलाला दोन काठ पक्के लागतात, तसंच हेही आहे. शेजारचे दात हलत असतील किंवा हिरड्या खराब असतील तर ब्रिज टिकत नाही.

ब्रिजचा दर दातामागे लावतात, हे अनेकांना बिल हातात पडल्यावर कळतं. गेलेला दात एकच असतो, पण पैसे तीन दातांचे द्यावे लागतात. समजा, दर दातामागे तीन हजार रुपये आहे. ब्रिज झाला नऊ हजारांचा. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे एका दातासाठी जवळपास चार क्विंटल धान गेलं. त्याच वर्षीच्या ३१२ रुपये रोहयो मजुरीने मोजलं तर २९ दिवसांची कमाई. झिरकोनियाचा दर याहून बराच जास्त असतो.

योजना आहेत, पण दात सुटला

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. दात काढण्याचं काम तिथे होतं. मात्र कॅप-ब्रिजसाठी माप घ्यावं लागतं, प्रयोगशाळेत दात घडवावा लागतो, त्यासाठी तंत्रज्ञ लागतो. ही सोय सहसा या रुग्णालयांत नसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ही योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. कॅप-ब्रिज त्यात बसत नाही. थोडक्यात, दात काढायला सरकार मदत करतं. त्या जागी दात बसवायचा म्हटलं की सगळा भार घरच्या खिशावर येतो.

कमी खर्चाची वाट नागपूरला जाते. तिथे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. हिंगण्याला आणि वर्ध्याजवळच्या सावंगीलाही दंत महाविद्यालयं आहेत. तिथे विद्यार्थी अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्च खासगीपेक्षा कमी येतो. पण भंडारा ते नागपूर सुमारे ६० किलोमीटर, आणि साकोली-लाखांदूरहून तर त्याहून कितीतरी लांब. चार फेऱ्या म्हणजे चार दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं. रोवणी-कापणीच्या दिवसांत ते जमत नाही. मग काम अर्धवट राहतं.

दुखणं थांबलं, काम थांबलं

सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो. रूट कॅनल झाल्यावर दुखणं थांबतं आणि माणसाला वाटतं, झालं काम. कॅप राहून जाते. मात्र रूट कॅनल केलेल्या दाढेचा बराच भाग आधीच किडीने खाल्लेला असतो. ती ठिसूळ झालेली असते. काही महिन्यांनी फुटाणे किंवा सुपारी चावताना ती उभी चिरते. मग काढण्याशिवाय इलाज नसतो आणि रूट कॅनलचे पैसेही पाण्यात जातात. कॅपचे पैसे हाताशी नसतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगितलेलं बरं. साध्या धातूची कॅप स्वस्त आणि मजबूत असते. मागच्या दाढेला ती दिसतही नाही.

दुसरं कारण खर्रा. सततच्या कडक सुपारीने दात झिजतात, चिरतात. तंबाखू-चुन्याने हिरड्या दातापासून सुटतात. सुपारीमुळे तोंड आतून कडक होत जातं आणि तीन बोटंही आत जाईनाशी होतात. असं तोंड उघडेनासं झालं की डॉक्टरांना मागच्या दाढेपर्यंत पोचताच येत नाही. मग पैसे असूनही कॅप बसवणं अवघड होतं. हीच अवस्था पुढे कॅन्सरकडे जाऊ शकते. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण खर्रा आजही पानठेल्यावर घोटून मिळतो.

तिसरा धोका बाजारात आणि जत्रेत बसणाऱ्यांचा. शे-दोनशे रुपयांत पाच मिनिटांत ‘पक्का दात’ बसवून देतात. तो दात शेजारच्या दातांना प्लास्टिकसारख्या मसाल्याने चिकटवलेला असतो. त्याखाली अन्न सडतं, हिरडी सुजते आणि चांगले दातही हलायला लागतात. नोंदणी नसलेल्याला हा व्यवसाय करता येत नाही. दवाखान्यात महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारणं हा रुग्णाचा हक्क आहे.

आता मागायचं काय?

केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून सुरू आहे. जिल्हा आणि खालच्या रुग्णालयांत दंत खुर्ची, साहित्य, मनुष्यबळ यासाठी त्यातून मदत मिळते. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात भंडाराही आहे. जिल्ह्यातच छोटी दंत प्रयोगशाळा उभी राहिली, तर साधी धातूची कॅप आणि काढता-घालता येणारी कवळी इथेच देता येईल. नागपूरच्या फेऱ्या वाचतील. ग्रामसभेच्या ठरावात रस्ता आणि नाली येते. तिथे ही मागणीही यायला हरकत नाही.

तोवर कोणालाही करता येण्यासारखं एवढंच आहे. काढण्याआधी ‘हा दात वाचेल काय?’ असं विचारायचं. एकूण खर्च आणि एकूण फेऱ्या आधीच लिहून घ्यायच्या. रूट कॅनल केलं असेल तर कॅपपर्यंत जायचं. कॅप बसवलेला दातही मुळाशी किडतो, म्हणून रात्री ब्रश चुकवायचा नाही. ब्रिजच्या खालची जागा तर रोज साफ करायची. नाहीतर नऊ हजारांचा पूल दोन्ही काठ घेऊन जातो.