पंप घेतला तर रोजा तुटतो का?

रमजान जवळ आला की हा प्रश्न हमखास विचारला जातो. प्रश्न योग्यच आहे. पण त्याचं उत्तर मिळण्याआधीच अनेक दमेकरी पंप कपाटात ठेवून देतात आणि महिनाभर छातीतली शिट्टी ऐकत बसतात. मला बोलायचंय ते याबद्दल.

आधी उत्तर. आलिमांमध्ये यावर मतभेद आहेत. आपल्या भागात बहुतेक लोक हनफी. देवबंदच्या दारुल उलूमचं मत असं की पंपाने औषध आत जातं, म्हणून रोजा तुटतो. नंतर कजा रोजा ठेवावा. सौदीचे शेख इब्न बाज आणि शेख इब्न उसैमीन यांच्या मते तुटत नाही, कारण ते खाणंही नाही आणि पिणंही नाही. तुम्ही कोणाचं मानायचं ते तुमच्या आलिमांना विचारा. मी उर्दू-मराठी शिकवणारा माणूस, फतवा देणं माझं काम नाही. मात्र एक गोष्ट बघा. रोजा तुटतो म्हणणारेही ‘गुदमरत बसा’ असं म्हणत नाहीत. सूरह बकरामध्ये रोजा फर्ज केल्याच्या लगोलग (आयत १८४ आणि १८५) आजारी माणसाला सवलत दिली आहे: ते दिवस नंतर भरून काढावेत. ज्याला कधीच शक्य नाही, त्याच्यासाठी फिदिया आहे. म्हणजे दोन्ही मतांप्रमाणे धाप लागल्यावर पंप घेता येतो. फरक उरतो तो कजाचा.

आता औषधाकडे. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळतात, कफ साचतो आणि वाट अरुंद होते. पंप साधारण दोन कामांचे असतात. एक लगेच आराम देणारा, बहुधा निळा. त्यात साल्बुटामॉल असतं, ते आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतं. सूज मात्र तशीच राहते. सूज उतरवतो तो दुसरा, रोज घ्यायचा पंप. त्यात कमी मात्रेचं स्टेरॉइड असतं. लोक नेमका हाच बंद करतात, कारण त्याने तत्काळ काही जाणवत नाही. ‘जीना’ ही दम्याबद्दल मार्गदर्शन करणारी जागतिक संस्था २०१९ पासून सांगते की मोठ्यांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या साल्बुटामॉलवर राहू नये. निळा पंप वारंवार लागतोय याचा अर्थ दमा आटोक्यात नाही.

रोजचा पंप बहुतेकांना सकाळ-संध्याकाळ असतो. म्हणजे सहरीला एकदा, इफ्तारनंतर एकदा. चूळही भरून होते. रोज्याच्या वेळेत तो लागतच नाही! रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जाऊन वेळा ठरवून घेतल्या तर अनेकांचे रोजे सुखरूप होतात. ज्यांचा दमा बिघडलेला आहे त्यांना डॉक्टर रोजा नको म्हणतील. ते ऐकायला हवं.

‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य तर मी सुशिक्षित घरांतही ऐकतो. चष्म्याची सवय लागते असं कोणी म्हणत नाही. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात, आणि ते थेट श्वासनलिकेत जातं. तीच माणसं दम्याच्या गोळ्या बिनधास्त गिळतात. गोळी दिसत नाही ना चार लोकांत.

मुलींच्या बाबतीत हे लपवणं जास्तच चालतं. निकाह ठरेपर्यंत पंप दप्तरात, मग पर्समध्ये, मग सासरी उशीखाली. सासूसमोर पंप ओढायची सोय नाही, आणि रमजानमध्ये स्वयंपाकघरातला भज्यांचा, समोशांचा धूरही तिच्याच वाट्याला. घरात लोबान जाळायची हौस असेल तर त्याचाही. दमेकऱ्याच्या खोलीत लोबान नकोच, आणि तळण दारं-खिडक्या उघडून करावं. एखाद्या दिवशी खजूर आणि फळांवर इफ्तार झाली तरी बिघडत नाही.

माणसाला बोलताना एक वाक्य पूर्ण करता येत नसेल, निळा पंप घेऊनही आराम पडत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मगरिबच्या अजानची वाट बघू नका. त्याला बसतं ठेवा, पंप देत राहा आणि रिक्षा नाहीतर १०८ ची गाडी बोलवा.