बंदी नको, तयारी हवी

स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखराची उंची १३४५ मीटर, कळसूबाईपेक्षाही कमी. या आकड्यावर विसंबून हिवाळ्यात स्कॉटलंडचे डोंगर चढायला निघणे जिवावर बेतू शकते. डिसेंबरअखेर उजेड जेमतेम सात तास असतो आणि हिमवादळात जमीन-आभाळ एकच होऊन कड्याची धार दिसेनाशी होते. १९७१च्या नोव्हेंबरात केर्नगॉर्म पठारावर पाच शाळकरी मुले आणि एक तरुण प्रशिक्षक गारठून मरण पावली. मग हिवाळ्यात डोंगर बंदच का करू नयेत? बचावपथकांत बहुतेक स्वयंसेवक असतात. त्यांच्या जिवाची काळजी रास्तच आहे. पण २००३च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये मुक्त संचाराचा हक्क दिला, तो जबाबदारीसकट. हिमकुऱ्हाड वापरण्याचा सराव, नकाशा-होकायंत्राचे ज्ञान, हिमस्खलनाचा रोजचा अंदाज वाचणे आणि वेळीच माघारी फिरणे, हे शिकवता येते. सरकारने पैसा त्या प्रशिक्षणावर खर्च करावा.