उपकारस्तुतीचें ताट आणि रांधणारे हात

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारीं उपकारस्तुतीचा राष्ट्रीय सण पाळतात. १६२१ सालीं मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथें इंग्रज वसाहतवाल्यांनीं पहिली कापणी हातीं आल्यावर तेथील वॉम्पानोआग लोकांसह जें भोजन केलें, त्याची आठवण या सणाशीं जोडलेली आहे. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्याच देशाच्या दक्षिण भागांत या दिवशींचें ताट कसें असतें आणि तें कोणाच्या हातांनीं सिद्ध झालें, याचा विचार क्वचितच होतो. तो अवश्य व्हावा असें आम्हांस वाटतें. कारण त्यांत जिभेच्या चोजल्यांचा नव्हे, तर कृतज्ञतेच्या खरेपणाचा प्रश्न आहे.

प्रथम ताटाकडे पाहूं. टर्की पक्षी सर्वत्र असतोच. उत्तरेकडे त्याच्या जोडीस बहुधा गव्हाच्या पावाचें सारण असतें. दक्षिणेंत मक्याच्या पिठाचा पाव बिडाच्या तव्यांत भाजून त्याचा चुरा करितात, त्यांत कांदा, सेलरी, सेज नांवाचा सुवासिक पाला आणि टर्कीचा रस्सा घालतात, आणि तें मिश्रण निराळ्या भांड्यांत भट्टींत भाजतात. शेजारीं खारविलेल्या डुकराच्या मांसाबरोबर मंद आंचेवर शिजविलेली कोलार्ड भाजी असते. ही कोबीच्या कुळांतली, पण गड्डा न धरणारी. त्याशिवाय चीज घालून भाजलेली मॅकरोनी, कित्येक घरीं भात, आणि शेवटीं रताळ्याचा किंवा पेकन नांवाच्या कवचीच्या फळाचा गोड पाय. आमच्या वाचकांस यांत कांहीं ओळखीचें दिसेल. मका आणि रताळें हीं दोन्हीं अमेरिका खंडांतूनच आपल्याकडे आलीं. रताळें तर आपल्या उपवासाच्या ताटांतही जाऊन बसलें. दक्षिणेंतील प्रसिद्ध 'गंबो' या रश्शाचें नांव मात्र भेंडीच्या आफ्रिकी नांवावरून पडलेलें आहे.

या नांवांतच पुढील कथा आहे. व्हर्जिनियाचे लोक अभिमानानें सांगतात कीं, उपकारस्तुति आमच्याकडे प्लिमथच्याही आधीं झाली. ४ डिसेंबर १६१९ रोजीं बर्कली येथें उतरलेल्या इंग्रजांस, आगमनाचा हा दिवस दरवर्षीं उपकारस्तुतीचा म्हणून पाळावा, अशी आज्ञाच होती. तें खरें आहे. पण त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यांत त्याच व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर वीसएक आफ्रिकी माणसें जहाजांतून उतरवून अन्नसामग्रीच्या मोबदल्यांत देण्यांत आलीं. एकाच भूमीवर, एकाच वर्षीं, देवाचे आभार आणि माणसाचा विक्रय!

पुढें सुमारें अडीचशें वर्षें दक्षिणेंतील मोठ्या घरांच्या चुली या विकत घेतलेल्या माणसांनींच पेटविल्या. थॉमस जेफरसन यांनीं १७८४ सालीं आपला गुलाम जेम्स हेमिंग्ज यास पॅरिस येथें नेऊन फ्रेंच पाकविद्या शिकविली. ती विद्या दुसऱ्यास शिकविल्यावांचून त्यास मुक्ति नव्हती. आपला भाऊ पीटर यास त्यानें तयार केलें, तेव्हां १७९६ सालीं तो सुटला. पीटर गुलामच राहिला. पेकनची गोष्टही अशीच. लुइझियानांतील ओक अ‍ॅली येथील मळ्यावर १८४० नंतरच्या दशकांत आंत्वान नांवाच्या गुलाम माळ्यानें उत्तम जातीच्या पेकनचें कलम यशस्वी करून दाखविलें. त्या जातीस १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनांत पारितोषिक मिळालें. आंत्वानचें आडनांव मात्र कोठें लिहिलेलें नाहीं. दक्षिण कॅरोलिनांत गुलामगिरींत जन्मलेल्या अ‍ॅबी फिशर या बाईंस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांनीं तोंडानें सांगितलेल्या कृति १८८१ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें पुस्तकरूपानें छापल्या, आणि त्यांत रताळ्याचा पायही आहे.

यावर कोणी म्हणतील, "अन्नास इतिहास विचारूं नये, सणाच्या दिवशीं जुनें दुःख कशास उकरावें?" दुसरे म्हणतील, "ज्या पदार्थांवर दास्याची छाया आहे, ते ताटांतूनच काढून टाकावेत." आम्हांस दोन्ही मतें अपुरीं वाटतात. पदार्थ टाकून देणें म्हणजे ज्यांनीं ते घडविले त्यांचाच दुसऱ्यानें अपमान करणें होय. जें त्यांच्यापासून कोणास हिरावून घेतां आलें नाहीं, तें त्यांचें कौशल्य. आणि त्यांचीं मुलेंनातवंडें आजही तेंच ताट अभिमानानें मांडतात. पण इतिहास गाळून जेवणें हेंही बरें नव्हे. प्लिमथ येथें त्याच गुरुवारीं १९७० पासून मूळ रहिवाशांचे वंशज शोकदिन पाळीत आले आहेत. त्यांचा शोक ऐकल्यानें उपकारस्तुति उणी होत नाहीं. ती अधिक प्रामाणिक होते.

तिसरा आक्षेप धार्मिक आहे: आभार देवाचे मानावयाचे, मग माणसांची यादी कशास? याचें उत्तर पवित्र शास्त्रांतच आहे. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायांत प्रथमफळांची टोपली घेऊन येणाऱ्यानें काय बोलावें तें सांगितलें आहे. त्यानें नुसतें पिकाबद्दल धन्यवाद द्यावयाचे नाहींत; आपले पूर्वज मिसर देशांत दास होते, त्यांस कष्ट सोसावे लागले, हें मोठ्यानें सांगावयाचें आहे, आणि मग लेवी व परका यांसह आनंद करावयाचा आहे. म्हणजे दास्याची आठवण ही उपकारस्तुतीस लागलेलें गालबोट नसून तिचें अंगच आहे.

आमच्या मंडळ्यांतही कापणीचा सण होतो. वेदीपुढें कणसें, भोपळे, भाज्या मांडल्या जातात. त्या वेळीं विद्यार्थ्यांनीं एवढें स्वतःस विचारावें: हें कोणीं पेरलें, कोणीं निवडलें, कोणीं रांधलें, आणि त्यांपैकीं आज पंक्तीस कोण आहे? पालकांसही आमची विनंती आहे कीं, सणाच्या दिवशीं सर्वांस वाढून शेवटीं उरलेलें खाणारी जी बाई प्रत्येक घरांत असते, तिला त्या दिवशीं तरी पहिल्या पंक्तीस बसवावें. प्रार्थना देवाकडे जावोच. पण ती स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडून जावी.