निनावी टपालाचा हजेरीपट

निनावी ई-पत्रांचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण बहुधा फिनलंडपासून सुरुवात करतो. योहान हेल्सिंगियस यांनी १९९३ मध्ये ‘पेनेट’ ही सेवा सुरू केली. १९९५ मध्ये सायंटॉलॉजी पंथाच्या तक्रारीवरून पोलिसांनी त्यांना एका वापरकर्त्याचा खरा पत्ता देण्यास भाग पाडले. ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांनी ती सेवा बंद केली, तेव्हा तिचे वापरकर्ते पाच लाखांच्या घरात होते. कथा वेधक आहे, त्यात नायक आहे, न्यायालय आहे. परंतु या कथेत एक साधा प्रश्न कधी विचारला जात नाही : निनावी पाठवलेले पत्र पोहोचत होते का?

या धाग्याचा विषय तोच प्रश्न आणि त्याचे उत्तर नोंदवत बसलेला एक दुर्लक्षित पहारेकरी. निनावीपणाच्या इतिहासात त्याचे स्थान न्यायालयीन लढ्यांइतकेच मोठे आहे, असे माझे मत आहे.

थोडी पार्श्वभूमी. डेव्हिड चाऊम यांनी १९८१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कूटबद्ध पत्रे एका मध्यस्थ संगणकाने गोळा करायची, त्यांचा क्रम बदलायचा, वरचे एक वेष्टन काढायचे आणि ती पुढे धाडायची, ही त्यातील मूळ कल्पना. असे मध्यस्थ एकामागून एक जोडले, तर पत्र कोणी लिहिले आणि कोणाला गेले, या दोन्ही गोष्टी कोणा एकाला कळत नाहीत. १९९२ मध्ये एरिक ह्यूज आणि हॅल फिनी यांनी या दिशेने पहिले ‘सायफरपंक रीमेलर’ चालवून दाखवले. पुढे लान्स कॉट्रेल यांचा ‘मिक्समास्टर’ आला; त्यात सर्व पत्रांची पाकिटे एकाच मापाची होती आणि ती काही काळ साठवून, मिसळून मगच सोडली जात.

हे रीमेलर चालवत कोण? स्वयंसेवक. कोणी विद्यापीठातील खात्यावर, कोणी घरच्या यंत्रावर. कोणाची डिस्क भरे, कोणाला व्यवस्थापकाची तंबी मिळे, कोणी परीक्षा आली म्हणून दुर्लक्ष करी. ही मंडळी पगारी डाकसेवक नव्हती, हे लक्षात घेतले की पुढची अडचण उमगते.

साध्या टपालात पत्ता चुकला तर पत्र परत येते. साध्या ई-पत्रातही ‘असा पत्ता नाही’ असा निरोप येतो. निनावी टपालात परतीचा पत्ताच पुसलेला असतो, मग अपयशाची वर्दी द्यायची कोणाला? साखळीतील तिसरा रीमेलर बंद पडला, तर पत्र तिथेच विरते. पाठवणारा वाट पाहत राहतो. ज्याला मिळायचे त्याला ते निघाले होते हेही ठाऊक नसते. आणि रीमेलर चालवणारा प्रामाणिक असेल तर तो नोंदी ठेवतच नाही, त्यामुळे काय हरवले ते त्यालाही सांगता येत नाही. गुप्तता जितकी चोख, तितके अपयश अदृश्य.

ही कोंडी बर्कली येथील विद्यार्थी राफ लेव्हियन यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास फोडली, आणि तीही विलक्षण साधेपणाने. त्यांच्या यंत्रावर पार्श्वभूमीला एक प्रोग्राम अहोरात्र चाले. तो प्रत्येक रीमेलरमार्फत स्वतःलाच पत्र पाठवी, निघाल्याची वेळ टिपून ठेवी आणि ते परत कधी येते ते पाही. बस्स. इतरांची पत्रे उघडणे नाही, कोणाच्या वाहतुकीत डोकावणे नाही. उलट त्याच्या चाचणीपत्रांमुळे गर्दीत थोडी भर पडे, आणि या व्यवस्थेत गर्दी हेच संरक्षण. अशा प्रोग्रामला ‘पिंगर’ म्हणू लागले.

त्यातून तयार झालेला तक्ता नियमितपणे जाहीर होई. मला तो हजेरीपटासारखा वाटतो. रीमेलरचे नाव, त्यापुढे गेल्या बारा दिवसांची बारा चिन्हे, मग सरासरी विलंब आणि शेवटी विश्वासार्हतेची टक्केवारी. पाच मिनिटांच्या आत उत्तर आले तर #, तासाभरात आले तर तारा, चार तासांत अधिकचिन्ह, चोवीस तासांत आडवी रेघ, एका दिवसाहून उशीर झाला तर टिंब, आणि दोन दिवसही उलटून गेले तर खालची रेघ. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला हा फरक नवा नाही : बखर पराक्रम सांगते, रोजकीर्द त्या दिवशी काय खर्ची पडले ते सांगते.

टक्केवारीचे महत्त्व किती, हे साध्या गुणाकाराने कळते. प्रत्येक रीमेलर शंभरातील पंचाण्णव पत्रे पोहोचवत असेल आणि साखळीत चार रीमेलर असतील, तर शंभरातील जेमतेम एक्क्याऐंशी पत्रे पोहोचतात. प्रत्येकाची विश्वासार्हता नव्वद टक्के असेल तर सहासष्ट, म्हणजे तिसरा हिस्सा पत्रे वाटेतच गडप. अन्यायाची माहिती देणाऱ्याने जीव मुठीत धरून एकच पत्र लिहिले असेल, तर हा आकडा त्याच्यासाठी गणिताचा उरत नाही.

येथवर लेव्हियन यांचे कौतुक झाले. आता त्या तक्त्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाहावे तसे, संशयाने पाहू. मोजमाप मोजलेल्या गोष्टीलाही बदलते. लेव्हियन यांचाच ‘प्रीमेल’ हा प्रोग्राम या तक्त्यावरून वापरकर्त्यासाठी रीमेलर आपोआप निवडत असे. सगळेच वरच्या क्रमांकाकडे वळले, तर पाळत ठेवू इच्छिणाऱ्याने काय करावे? धाकदपटशा कशाला, सर्वांत विश्वासू रीमेलर स्वतःच चालवावा! शिवाय लबाड रीमेलर पिंगरची पत्रे ओळखून तेवढीच तत्परतेने पोहोचवू शकतो आणि बाकीची गाळू शकतो. विलंबाचा रकानाही फसवा आहे, कारण मिसळण्यासाठी थांबणे हाच तर सुरक्षिततेचा पाया. पाच मिनिटांत पत्र परत धाडणारा रीमेलर कदाचित पुरेसे मिसळतच नसेल. तक्त्याचा क्रम विलंबावर न लावता विश्वासार्हतेवर लावला होता, हा त्यातला शहाणपणा.

पुढच्या पिढीने या दोषांवर काम केले. पीटर पाल्फ्राडर यांच्या ‘एकोलोट’ या पिंगरने सुट्या रीमेलरबरोबर त्यांच्या जोड्याही तपासायला सुरुवात केली, कारण दोघे स्वतंत्रपणे ठणठणीत असूनही एकमेकांकडे पत्र पोहोचत नसे. (जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ प्रतिध्वनीवरून पाण्याची खोली मोजणारे यंत्र. नाव अगदी नेमके आहे.) २००३ मध्ये डॅनेझिस, डिंगलडाइन आणि मॅथ्यूसन यांनी ‘मिक्समिनियन’ मांडताना आणखी सूक्ष्म धोका दाखवला : तुम्ही एक यादी वाचता आणि मी दुसरी, तर आपल्या निवडींतील फरकावरूनच आपण वेगळे ओळखू येतो. म्हणून सर्वांना एकच यादी मिळाली पाहिजे. आज ‘टोर’ जाळ्यात मोजकी विश्वस्त यंत्रे दर तासाला एकमताची यादी प्रसिद्ध करतात. त्या यादीत बर्कलीच्या तक्त्याचा वारसा मला स्पष्ट दिसतो.

या टपालाचा गैरवापरही झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. २०१२ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाला बॉम्बच्या धमक्या निनावी रीमेलरमार्फत आल्या आणि एफबीआयने न्यूयॉर्कमधून मिक्समास्टर चालवणारा एक सर्व्हर उचलून नेला. रीमेलर नोंदीच ठेवत नसल्याने तपासाला हात लागेल असे त्यात काही नव्हते. धमकी मिळालेल्या विद्यार्थ्यांना हे ऐकून दिलासा वाटणार नाही, आणि वाटावा अशी अपेक्षाही मी करणार नाही.

तरीही आजच्या निनावी तक्रारखिडक्यांकडे पाहताना मला पिंगरची आठवण होते. वृत्तसंस्था, कंपन्या, सरकारी विभाग ‘तुमचे नाव गुप्त राहील’ असे आश्वासन देतात. तक्रार आत पोहोचते की नाही, याची बाहेरच्या तटस्थ माणसाने केलेली चाचणी मात्र क्वचितच कोणी जाहीर करते. अशी खिडकी उघडणाऱ्यावर हजेरीपटाची सक्ती असावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तो पट खिडकी चालवणाऱ्याने स्वतः भरू नये. गुप्ततेला बाधा येईल हा आक्षेप टिकत नाही. स्वतःचेच पत्र पाठवून स्वतःच मोजणाऱ्याला दुसऱ्याचे काही कळत नाही, हे बर्कलीने तीस वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

लेव्हियन यांचे जुने तक्ते सायफरपंकांच्या पत्रसंग्रहांत अजून वाचता येतात. तेथे एखाद्या रीमेलरची ओळ शोधावी आणि ती तक्त्यामागून तक्त्यात पाहत जावी. आधी सलग तारे, मग अधिकचिन्हे, मग टिंबे, आणि त्यापुढच्या तक्त्यात ते नावच नाही. कारण कोणी लिहून ठेवलेले नाही.