पाइपलाइन कंपनीची, जमीन रयतेची, जबाबदारी कोणाची?

देवळ्याहून मनमाड काही फार लांब नाही. मुंबईचे पेट्रोल-डिझेल जमिनीखालच्या पाइपलाइनने मनमाडास येते व तेथून पुढे मध्य प्रदेशात मांगलियास जाते. वाटेत ही पाइपलाइन शेतकऱ्यांच्या रानांखालून जाते. तेव्हा तिच्यावर देखरेख कोणाची, हे विचारण्याचा रयतेस पुरा हक्क आहे, असे आमचे मत आहे.

केंद्राच्या १९६२ च्या कायद्याने जमिनीची मालकी शेतकऱ्याकडे राहते, पण पाइप टाकण्याचा हक्क कंपनीस मिळतो. त्याबद्दल मोबदला बाजारभावाच्या १० टक्के. पिकाची नुकसानभरपाई निराळी. त्या पट्ट्यात विहीर खणावयाची नाही, घर बांधावयाचे नाही, झाड लावावयाचे नाही. रयतेवरील बंधने अशी स्वच्छ लिहिली आहेत! रक्षणाचे मात्र तसे नाही. सुरक्षिततेचे नियम दिल्लीचे नियामक मंडळ करते, स्फोटक खात्याची मुख्य कचेरी नागपुरास, आणि पोलीस व महसूल खाते राज्याकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी, तीच ही गत.

ता. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांस तेलात भेसळ करणाऱ्यांनी मनमाडजवळ जिवंत जाळले. पाइपलाइन फोडणाऱ्यांची शिक्षा २०११ च्या दुरुस्तीने वाढली, हे ठीकच झाले. पण गळती काही शिक्षेच्या धाकाने थांबत नाही. ता. २७ जून २०१४ रोजी आंध्रातील नगरम गावी गॅसची पाइपलाइन फुटून वीसहून अधिक माणसे गेली. वास येत असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले.

अमेरिकेत १९६८ पासून या कामाची वाटणी कायद्याने झालेली आहे. किमान नियम केंद्राचे. राज्याच्या हद्दीतील पाइपलाइन तपासण्याचे काम राज्याने पत्करल्यास त्याच्या खर्चाचा वाटा केंद्र उचलते. अपघात तेथेही होतात. २०१० साली सॅन ब्रुनो येथे आठ जण मेले. पण जाब कोणास विचारावा, हे तरी तेथे लोकांस ठाऊक असते.

आमचे मागणे थोडके आहे. केंद्र व राज्य यांच्या अधिकाऱ्यांनी मिळून तपासणी करावी व तिचा निकाल ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा. गळतीची तक्रार कोणाकडे करावयाची, त्याचे नाव व फोन तलाठ्याच्या कचेरीवर लावावा.

आणि शेतकरी व कारागीर बंधूंनो, पाइपलाइनच्या खुणेचा दगड दिसेल तेथे विचारल्यावाचून कुदळ मारू नका, जेसीबी लावू नका. वास आला तर गप्प बसू नका. ज्याच्या रानात धोका पुरला आहे, त्याने हिशेब मागितलाच पाहिजे.